दोन लँडिंग जहाजं, नवा झेंडा: प्रकल्प नोंदी

९ जानेवारी

दोन्ही जहाजं आज टग लावून धक्क्याला आणली. चार वर्षं ती नुसती बांधून ठेवलेली होती. एकाच आराखड्यावरच्या सख्ख्या बहिणी, पण एक दीड वर्ष आधी पाण्यात उतरलेली. म्हणून कामगारांनी दुपारपर्यंत त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवातही केली. मीही इथे तेच लिहीन. जुनी नावं कागदावरून उतरली आहेत आणि नवी नावं घेणारं नौदल ठरवेल.

काम असं: दोन्हींची संपूर्ण दुरुस्ती करून त्या समुद्रापारच्या मित्रदेशाच्या नौदलाला चालत्या स्थितीत सोपवायच्या. त्यांचे खलाशी इथे येतील, आमच्याबरोबर राहून जहाज शिकतील आणि स्वतः चालवत घरी नेतील. यादीत ३१२ कलमं आहेत. आधी थोरली, मग धाकटी.

लँडिंग जहाज हे मुद्दाम जमिनीला लावायचं जहाज. बाकी सगळे कप्तान ज्याला आयुष्यभर घाबरतात, ते या जहाजाचं नेमून दिलेलं काम. समुद्र ओलांडायला जहाज पाण्यात खोल बसलेलं हवं, आणि किनाऱ्याला टेकायला उथळ. हा पेच अमेरिकी नौदलाचे आराखडाकार जॉन नीडरमायर यांनी नोव्हेंबर १९४१ मध्ये सोडवला: तळाशी मोठ्या बॅलास्ट टाक्या (वजनासाठी पाणी भरायच्या टाक्या) द्यायच्या, खुल्या समुद्रात त्या भरायच्या आणि किनारा जवळ आला की रिकाम्या करायच्या. महायुद्ध संपेपर्यंत त्या धर्तीची हजाराहून जास्त जहाजं तयार झाली. आमच्या दोघी त्याच घराण्यातल्या. आणि त्यांचं दुखणंही तिथेच आहे. जी टाकी सतत भरते आणि सतत रिकामी होते, ती सगळ्यात आधी गंजते.

१४ जानेवारी

टाक्या उघडायला सुरुवात केली. बंद टाकीतला गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. वास येत नाही, काही दिसत नाही. माणूस शिडीवरून उतरतो आणि तिथेच कोसळतो. सांडपाण्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो, तो वेगळा. ट्रेन्टन हे अमेरिकी जहाज २००७ मध्ये भारतीय नौदलात जलाश्व म्हणून दाखल झालं आणि फेब्रुवारी २००८ मध्ये त्यावर विषारी वायूच्या गळतीने नौसैनिकांचे प्राण गेले. जुनं जहाज हाताळणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी असं मला वाटतं. आज सकाळी कामाला हात घालण्याआधी मी ती सगळ्यांना सांगितली.

नियम ठरवला: २४ तास पंख्याने हवा खेळवायची, मग टाकीच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या पातळीवर मोजणी, आणि आत माणूस असेतोवर तोंडाशी दुसरा माणूस उभा. धाकटीच्या सहा नंबरच्या टाकीत वर प्राणवायू २०.८ टक्के होता, तळाशी १४. फक्त वरून मोजलं असतं तर कोणीतरी आत गेलं असतं.

२३ जानेवारी

थोरली सुक्या गोदीत बसली. गोदीतलं पाणी उपसायला सहा तास लागले.

ठोकळ्यांच्या मांडणीवरून थोडा वाद झाला. गोदीत जहाज ज्या लाकडी ठोकळ्यांवर टेकतं, त्या जागी ना साफसफाई होते ना रंग. मागच्या वेळची मांडणी जशीच्या तशी ठेवली असती तर त्याच जागा पुन्हा झाकल्या गेल्या असत्या. म्हणून या वेळी ठोकळे दीड मीटर पुढे सरकवले. गोदीवाल्यांना मांडणीचा हिशेब नव्याने करावा लागला. त्यांनी तो तक्रार न करता केला, हे इथे लिहून ठेवतो.

२९ जानेवारी

आजचा दिवस वाईट आणि महत्त्वाचा.

तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन घेतला आणि अल्ट्रासोनिक गेजने पत्र्याची जाडी मोजत नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागे निघालो. मूळ पत्रा ११ मिलिमीटरचा. मागच्या अर्ध्या भागात १०, ९.७, १०.१ असे आकडे मिळाले. नाळेखालचा सपाट भाग वाळूवर घासून पातळ झाला असणार अशी माझी अपेक्षा होती, पण तिथेही सलग दहा-दहा. चाळीस वर्षं किनाऱ्यावर घासलेल्या जहाजाला हे शोभत नव्हतं.

वेल्डिंगचे फोरमन माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी हातातला छोटा हातोडा मारून पाहिला. मागच्या पत्र्याचा आवाज खणखणीत, इथला बद्द. पुन्हा मारला, पुन्हा बद्द. रंग खरवडला तर खाली वेल्डची बारीक रेघ, चौकोनात फिरलेली. डबलर. म्हणजे झिजलेल्या पत्र्यावर बाहेरून दुसरा पत्रा ठिगळासारखा लावून टाकलेला.

गेजने सांगितलं ते चूक नव्हतं. ध्वनिलहर पहिल्या पत्र्याच्या मागच्या कडेवर आपटून परत येते. मधल्या फटीपलीकडे ती जात नाही. ठिगळाची जाडी खरोखरच दहा होती. त्याच्या मागे काय उरलंय हे त्या आकड्यात कुठेच नव्हतं, आणि मागच्या तपासण्यांच्या कागदांवर हेच दहा-दहा लिहिलेले आहेत. आतून टाकीत उतरून मोजलं. मूळ पत्रा ५.२, ४.८, एके ठिकाणी ३.९. ठिगळं एकूण नऊ. एकाचीही नोंद कुठल्याच वहीत नाही.

ज्याने लावलं त्याच्यावर मी लगेच राग काढणार नाही. मोहीम तोंडावर असेल, गोदी मिळत नसेल, तात्पुरतं म्हणून लावलं असेल. पण तात्पुरतं आहे हे लिहून ठेवलं नाही, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं माणसं त्यावरून चालत राहिली.

४ फेब्रुवारी

बैठक तीन तास चालली. एका बाजूचं म्हणणं: ठिगळं घट्ट आहेत, गळत नाहीत, घेणारे जहाज फार तर दहा वर्षं वापरतील, वेळापत्रकात जागा नाही. दुसऱ्या बाजूला आम्ही: कापून नवा पत्रा बसवायचा.

मी दोन उदाहरणं मांडली. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिकेकडून न्यूपोर्ट वर्गातली दोन लँडिंग जहाजं घेतली, तीच पुढे कनिंब्ला आणि मनूरा झाली. ताब्यात आल्यावर गंज अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला, काम आणि खर्च दोन्ही वाढत गेले, आणि २०११ मध्ये दोन्ही जहाजं सेवेतून काढावी लागली. दुसरं उदाहरण एलएसटी-३२५ या अमेरिकी लँडिंग जहाजाचं. १९४२ मध्ये पाण्यात उतरलेलं हे जहाज १९६४ मध्ये ग्रीसला दिलं गेलं. ग्रीक नौदलाने ते १९९९ पर्यंत चालवलं. त्यानंतर वयस्क माजी नौसैनिकांनी ते अटलांटिक ओलांडून अमेरिकेत परत नेलं आणि जानेवारी २००१ मध्ये ते अलाबामातल्या मोबाइल बंदराला लागलं. वय दोन्हीकडे होतं. फरक पडला तो पत्र्याची खरी स्थिती कोणाला माहीत होती आणि कोणी तिची काळजी घेतली, यामुळे.

निर्णय आमच्या बाजूने झाला. नऊही जागा कापायच्या, त्यामागच्या फ्रेम तपासायच्या, लागतील त्या बदलायच्या. पाच आठवडे वाढले. मी त्या पाच आठवड्यांच्या कागदावर माझ्या नावाने सही केली.

१९ फेब्रुवारी

पत्राकाम चालू. आज फक्त घातक पदार्थांची नोंद: एक्झॉस्टच्या जुन्या वेष्टनात आणि काही गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस. ते वेगळ्या पथकाने ओलं करून, बंदिस्त तंबूत काढलं. जुन्या शिशाच्या रंगावर टॉर्च लावायचा नाही, आधी यंत्राने खरवडायचा. संदेशयंत्रणा आणि सांकेतिक उपकरणं करारानुसार आधीच उतरवली आहेत, पण त्यांच्या केबल लोंबकळत राहिल्यात. प्रत्येक केबलचं टोक बंद करून त्याला क्रमांक द्यायला सांगितलं.

७ मार्च

पुढच्या दरवाजांचं काम सुरू झालं ते काल, ६ मार्चला. ही तारीख आम्ही मुद्दाम निवडली नव्हती, पण फोरमनना मी सांगितलं आणि ते क्षणभर गप्प झाले. ६ मार्च १९८७ ला हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ ही फेरी झेब्रुगे बंदरातून पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली. काही मिनिटांत पाणी गाड्यांच्या डेकवर शिरलं, जहाज कलंडलं, १९३ माणसं गेली. दरवाजे उघडे आहेत की बंद, हे सांगणारी कुठलीही खूण ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, नव्हती. सात वर्षांनी, २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री, बाल्टिक समुद्रात एस्टोनिया बुडाली. लाटांच्या माऱ्याने तिचा पुढचा व्हायझर (नाळेवरचं वर उचललं जाणारं झाकण) कुलपांतून निखळला, ८५२ बळी.

मोठा मोकळा वाहनडेक हे अशा सगळ्या जहाजांचं बळ आणि तेच भय. आडव्या भिंती नसल्याने थोडंसं पाणीही एका बाजूला धावतं आणि जहाजाला बरोबर घेऊन जातं.

थोरलीवर ब्रिजवरचे दिवे होते, पण ते फक्त दरवाजाचं पान कुठे आहे एवढंच दाखवत. पान मिटलं की हिरवा दिवा, मग कुलपाची खीळ बसलेली असो वा नसो. आम्ही ती जोडणी काढून टाकली. आता प्रत्येक खिळेवर स्वतंत्र स्विच आहे, सगळ्या खिळा पूर्ण बसल्या तरच हिरवा. तार तुटली तर दिवा लाल होतो, हिरवा राहत नाही. शिवाय आतल्या जागेत कॅमेरा, आणि पाणी साचलं की वाजणारा गजर.

रबरी सील सगळी नवी. दरवाजामागच्या रॅम्पच्या, म्हणजे गाड्या उतरवायच्या फळीच्या, सीलची खडूची परीक्षा घेतली: कडेवर खडू फासायचा, रॅम्प मिटून पुन्हा उघडायचा आणि रबरावर उमटलेली रेघ पाहायची. डाव्या खालच्या कोपऱ्यात चार बोटं रेघच नव्हती. बिजागरीत पातळ पट्ट्या घालून रॅम्प सरकवला आणि तिसऱ्या खेपेला रेघ अखंड आली. मग होजने पाणी मारलं. आत कोरडं.

२ एप्रिल

इंजिनं. दोन्ही मुख्य डिझेल उघडली. लायनर झिजेच्या मर्यादेत, पिस्टन रिंग आणि बेअरिंग नवी, इंधनपंप बाहेर पाठवले. शाफ्ट काढून पाहिले. डाव्या बाजूचं स्टर्न ट्यूब बेअरिंग (शाफ्ट जहाजाबाहेर पडतो तिथलं) बदललं. सुट्या भागांचा प्रश्न मोठा आहे, कारण हे इंजिन आता कोणी बनवत नाही. गॅस्केट आणि सील कुठल्या मापाची, कुठल्या जातीच्या रबराची हे मोजून लिहून देतोय. नुसता जुना भागक्रमांक दिला तर तिथे तो कोणाच्याच उपयोगाचा नाही.

२१ एप्रिल

घेणाऱ्या नौदलाचं पहिलं पथक आलं. स्वागताचा छोटा कार्यक्रम झाला आणि चहा संपण्याआधीच त्यांच्या मुख्य अभियंत्यांनी विचारलं, "बिल्ज कुठून दिसतं?" बिल्ज म्हणजे अगदी तळातली, पाणी-तेल साचणारी जागा. अंगावर गणवेश होता तसाच ते खाली उतरले. दीड तास टॉर्च घेऊन फिरले. वर आल्यावर म्हणाले, "चांगल्या झालेल्या गोष्टी नंतर दाखवा. कुठला व्हॉल्व्ह अडतो, कुठला पंप हवा धरतो, ते आधी सांगा."

मी त्यांना नऊ ठिगळांचे फोटो दाखवले. कापलेला ३.९ मिलिमीटरचा तुकडा मी टेबलाच्या खणात ठेवला होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याने कड दाबून पाहिली, बराच वेळ. मग त्यांच्या वहीत त्यांच्या लिपीत काहीतरी लिहिलं आणि मला माझ्या अक्षरात त्याखाली आकडा लिहायला लावला.

६ मे

पाइप शोधण्याचं काम. हे मूळ यादीत नव्हतं. त्यांच्या मुख्य अभियंत्यांच्या आग्रहावरून घेतलं, आणि आता वाटतं की हेच पहिलं कलम असायला हवं होतं.

चाळीस वर्षांत जहाज बदलत जातं. पंप हलवला जातो, पाइप वळवला जातो, व्हॉल्व्ह वाढवला जातो आणि आराखडा मात्र जुनाच राहतो. आमचे खलाशी पाठांतरावर चालवत होते. ती माणसं निवृत्त झाली आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही गेलं. आता नवे लोक आराखडा उघडून चुकीचा व्हॉल्व्ह फिरवणार.

म्हणून एक आमचा, एक त्यांचा अशा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीने एक पाइपरांग धरायची आणि टाकीपासून शेवटच्या तोटीपर्यंत हात लावत जायचं. डोळ्यांनी नाही, हातानेच, कारण वेष्टनाखाली पाइप कुठे वळला हे डोळ्यांना कळत नाही. सापडेल ते कागदावर काढायचं, संध्याकाळी दोघांनी सही करायची. व्हॉल्व्हवर पितळी पट्टी, दोन भाषांत. पट्टीचं आमच्या भाषेतलं नाव आम्ही नाही, त्यांनी लिहायचं. चुकलं तर कळतं की समजलं नव्हतं.

१८ मे

आज जेनरेटर-खोलीच्या मागे, शिडीच्या पायथ्याशी, जमिनीवरच्या एका पत्र्याखाली व्हॉल्व्ह सापडला. कुठल्याही आराखड्यात नाही. दोन तास माग काढल्यावर उलगडलं: जहाज किनाऱ्याला टेकलेलं असताना थंड करण्याचं पाणी बाहेरून न घेता बॅलास्ट टाकीतून फिरवून घेण्यासाठीची ही जोड आहे. टेकलेलं जहाज तळातून पाणी ओढायला लागलं तर वाळूही ओढतं, म्हणून ही सोय. कधीतरी कोणीतरी विचार करून बसवली आणि मग तिच्यावर जमिनीचा पत्रा आला. व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसला होता. सोडवला, नवं पॅकिंग दिलं, पट्टी लावली: क्रमांक ११४.

११ जून

थोरली तरंगली. दर टाकीत माणूस ठेवून पाणी हळूहळू आत घेतलं. नवे पत्रे कोरडे. फोरमन तासभर तिथेच उकिडवे बसून होते.

दुपारनंतर कलतेची चाचणी. वारा पडलेला हवा, दोर सैल हवे, जहाजावर मोजकीच माणसं आणि कोणी हलायचं नाही. मग ठरावीक वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे सरकवायची आणि लांब लोलक किती ढळतो ते पाहायचं. त्यावरून गुरुत्वमध्य निघतो. थोरली मूळ कागदापेक्षा बरीच जड निघाली आणि गुरुत्वमध्यही वर सरकलेला. रंगाचे थर, जुन्या केबल, वाढवलेल्या खोल्या, सगळं चाळीस वर्षांत वरच्या बाजूलाच साचलं. ज्यांचं टोक फेब्रुवारीत बंद केलं होतं त्या मेलेल्या केबल आता पूर्ण ओढून काढतोय. वजन कमी होईल ते वरचंच होईल. किती वाहनं घेता येतील याचं कोष्टक नव्याने केलं आणि जुनं कोष्टक जहाजावरून उतरवलं, म्हणजे चुकूनही कोणी ते वापरू नये.

२४ जुलै

समुद्रचाचण्या, दोन दिवस. पूर्ण वेग चार तास, सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका इंजिनावर चाल, अंधारात वीज घालवून पुन्हा उभी करणं. उजव्या गिअरबॉक्सचं तेल मर्यादेच्या काठावर गरम. कूलर साफ करून पुन्हा पाहिलं, थोडं उतरलं, पण पूर्ण नाही. यादीत गेलं.

३० जुलै

किनाऱ्याला टेकण्याची चाचणी. या वेळी हुकूम त्यांच्या कप्तानांचे, चाकावर त्यांचा माणूस, इंजिनरूममध्ये त्यांचे मुख्य अभियंता. आम्ही फक्त बघणारे.

भरती चढत असताना किनाऱ्याला काटकोनात, सावकाश. ठरलेल्या अंतरावर मागचा नांगर सोडला, कारण परत निघताना त्याच्याच तारेवर जहाज स्वतःला मागे ओढतं. पुढच्या टाक्या आधीच रिकाम्या केलेल्या. तळाला वाळू लागली तेव्हा आवाज नाही, फक्त पायांखाली एक मऊ अडकाव जाणवला. दरवाजे उघडले, रॅम्प खाली, दोन ट्रक उतरले आणि परत चढले.

तेवढ्यात दोन नंबरच्या जेनरेटरचं तापमान चढू लागलं. गाळणी उघडली तर वाळूने भरलेली. मी खाली धावलो. पोहोचेपर्यंत त्यांचा एक तरुण मेकॅनिक शिडीच्या पायथ्याशी गुडघ्यावर बसून ११४ फिरवत होता. त्याच्या हातात मे महिन्यात काढलेला, तेलाचे डाग पडलेला कागद. सुई थांबली आणि खाली आली. वीज एकदाही गेली नाही. रॅम्प उचलायला लागणारी वीज त्याच जेनरेटरवर होती.

चाळीस मिनिटांनी नांगराची तार ताणली आणि थोरली मागे सरकून मोकळी झाली.

२१ ऑगस्ट

उरलेल्या दोषांची यादी पक्की करतोय. १७ कलमं. यातली काही गाळावीत अशी सूचना आली, सोहळ्याच्या कागदपत्रांत ती बरी दिसत नाहीत म्हणून. मी एकही गाळलेलं नाही. गिअरबॉक्सचं तेल आहे, डाव्या दरवाजाच्या हायड्रॉलिक जॅकचं थोडं पाझरणारं सील आहे (कलम ९), मागच्या विंचचा जडावणारा ब्रेक आहे. प्रत्येकापुढे लिहिलंय: किती गंभीर, कशावर लक्ष ठेवायचं, कुठल्या आकड्याला थांबायचं, कुठला भाग कुठल्या पेटीत. बदललेल्या नऊ पत्र्यांचा नकाशाही जोडला, त्यांच्याभोवतीच्या जुन्या पत्र्याच्या जाडीसह.

२९ ऑगस्ट

ताबा दिला. आमचा झेंडा उतरला, त्यांचा चढला. मधल्या क्षणी काठी रिकामी होती आणि धक्क्यावर कोणी बोललं नाही. सह्या झाल्या. त्यांच्या मुख्य अभियंत्यांनी १७ कलमांच्या प्रत्येक ओळीवर वेगळी सही केली, मग माझ्याकडे पेन दिलं. ३.९ चा तुकडा त्यांनी मागून घेतला.

दुपारी थोरली स्वतःच्या इंजिनांवर बाहेर पडली. धाकटी सोमवारी गोदीत जाते. तिच्या तळावर गेज लावण्याआधी हातोडा फिरवायचा, हे मी पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

६ सप्टेंबर

थोरलीकडून संदेश, प्रवासाचा नववा दिवस. समुद्र खवळलेला, वाहनडेक कोरडा. गिअरबॉक्सचं तेल आमच्या आकड्याच्या दोन अंश खाली. कलम ९ चं सील त्यांनी शांत पाण्यात थांबून बदललं; पेटीतलं सील मापात बसलं. धाकटीवरही तेच सील तपासा, असं त्यांनी सुचवलंय.

यादीत १६ उरली. दुपारी धाकटीचा जॅक उघडला. सील त्याच जागी कापलेलं.